उघड्यावर बसवलेल्या उपकरणांना चोरी आणि फेरफार यांपासून कसे वाचवावे?

मोजमाप (धागाकर्ता)

नमस्कार. गेली काही वर्षे मी पाण्याची पातळी मोजणारी छोटी उपकरणे तयार करतो. खांबावर बसवलेली एक पेटी, वर हाताएवढे सौर पॅनेल, आत बॅटरी, पीसीबी (इलेक्ट्रॉनिक भाग बसवलेली पट्टी) आणि मोबाइल जाळ्यावरून माहिती पाठवणारा मोडेम, आणि आडव्या दांड्यावर पाण्याकडे तोंड करून लावलेला, ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, अशी साधीच रचना आहे. मोजमापाचे काम मनासारखे होते. प्रश्न उभा राहिला तो उपकरण जागेवर एकटे सोडून आल्यानंतर.

पहिल्या खेपेतील तीन उपकरणांचे जे झाले ते सांगतो. पहिले उपकरण क्लॅम्पसकट नाहीसे झाले. दुसऱ्याची पेटी जागेवर होती, झाकण उघडे होते, चारही स्क्रू त्या झाकणातच नीट ठेवलेले होते आणि आतील बॅटरी तेवढी गेली होती. तिसऱ्या ठिकाणी काहीच गेले नव्हते, पण कोणीतरी सेन्सरचा दांडा खांबाभोवती फिरवून तो काठाकडे वळवला होता, त्यामुळे तीन आठवडे आम्ही काठाच्या दगडाचे अंतर पाण्याची पातळी म्हणून नोंदवत राहिलो. या तिसऱ्या प्रकाराने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले, कारण चोरी निदान लक्षात तरी येते.

आता नवीन आराखडा करायचा आहे. माझा कल जाड पत्र्याची पेटी आणि विशेष प्रकारचे स्क्रू यांकडे आहे. मेहनत नेमकी कुठे खर्च करावी, याबद्दल जाणकारांनी आपले अनुभव सांगावेत.

जुनाजोडारी

धागा चांगला आहे. तुमच्या तीन घटना तीन वेगवेगळ्या माणसांनी केल्या आहेत असे समजून चाला, कारण एका उपायाने तिघेही थांबणार नाहीत. पहिल्याला पॅनेल, धातू किंवा ‘काहीतरी किमती असेल’ ही आशा होती. दुसऱ्याला फक्त बॅटरी हवी होती. तिसऱ्याला तुमच्या आकड्यांशी काहीतरी देणेघेणे होते, किंवा निव्वळ कुतूहल होते.

दुसऱ्या प्रकारावर मला सगळ्यात जास्त बोलता येईल. बॅटरी ही उघड्यावरच्या प्रत्येक यंत्रणेतील कमकुवत जागा आहे. मोबाइल मनोरे असोत वा सौर पथदिवे, तिथूनही आधी बॅटरीच जाते, कारण ती इतर शेकडो कामांना जशीच्या तशी लागू पडते. म्हणून आधी ‘बॅटरी कशी लपवू’ असे न विचारता ‘ही बॅटरी दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची राहणार नाही असे काय करू’ असे विचारा. सर्रास मिळणारा १२ व्होल्टचा ठोकळा वापरू नका. तुमच्या उपकरणाला दिवसाला किती वीज लागते ते मोजा. पाठवणे तासातून एकदा असेल तर लहान सेलचा, पेटीच्या आकारात बसवलेला, विचित्र व्होल्टेजचा संच पुरेल. तो नेऊन करायचे काय, हा प्रश्न चोराला पडला पाहिजे.

स्क्रू झाकणात नीट ठेवलेले होते, हा तपशील महत्त्वाचा आहे. त्या माणसाकडे योग्य बिट होते, वेळ होता आणि घाई नव्हती.

कुलूपकिल्ली

जुनाजोडारी यांच्याशी सहमत. स्क्रूंबद्दल दोन शब्द जोडतो. मध्ये खुंटी असलेल्या टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराच्या खाचेच्या) स्क्रूंना ‘सुरक्षा स्क्रू’ म्हणतात, पण त्यांची बिटे कोणत्याही हत्यारांच्या संचात सापडतात. त्यांनी थांबतो तो सहज जाता जाता हात घालणारा माणूस. तेवढ्यासाठी ते जरूर वापरा, पण त्याहून मोठी अपेक्षा ठेवू नका. जो भाग पुन्हा कधीच काढायचा नाही, उदाहरणार्थ खांबावरचा क्लॅम्प, तिथे डोके तुटून पडणारे शिअर नट लावा. घट्ट आवळल्यावर षट्कोनी भाग मोडून पडतो आणि उरतो तो गुळगुळीत शंकू, ज्याला पाना लागत नाही.

पेटीच्या बाबतीत पत्र्याच्या जाडीपेक्षा आकार महत्त्वाचा असतो. पहार घुसवायला फट मिळाली की दोन मिलिमीटरचा पत्राही वाकतो, आणि फट नसेल तर साधे पॉलिकार्बोनेटही बराच वेळ दाद देत नाही. झाकणाची कड पेटीच्या आत बसणारी असावी, बिजागरी बाहेरून दिसू नये, केबल मागच्या बाजूने खांबाच्या पोकळीतून आत यावी, आणि पेटी खांबाला धरणारे बोल्ट पेटीच्या आतून लावलेले असावेत, म्हणजे झाकण उघडल्याशिवाय पेटी निघणार नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीला स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावणार असाल, तर मध्ये प्लास्टिकचा वॉशर ठेवा, नाहीतर ओलाव्यात दोन धातूंच्या संपर्कामुळे अ‍ॅल्युमिनियम गंजून स्क्रू अडकतात आणि मग तुम्हालाच ड्रिल घेऊन जावे लागते.

मोजमाप

बाहेरून न दिसणारी बिजागरी आणि आतून बोल्ट हे दोन्ही मुद्दे टिपून घेतले. पेटी निवडताना आघात सोसण्याच्या आयके१० दर्जाची घेतली तर हातोड्याची काळजी मिटेल का?

कुलूपकिल्ली

पूर्णपणे मिटणार नाही. आयईसी ६२२६२ या मानकातील आयके१० म्हणजे २० ज्यूल ऊर्जेचा आघात, अर्थात पाच किलो वजन ४० सेंटिमीटरवरून पडल्यावर जेवढा होतो तेवढा. आता एक किलोचा हातोडा माणसाने जोर लावून दहा मीटर प्रतिसेकंद वेगाने मारला, तर हिशेबाने ५० ज्यूल होतात. शिवाय मानकाच्या चाचणीत ठरावीक संख्येचे आघात करतात, रागावलेला माणूस आघात मोजत बसत नाही. दगड, चेंडू, फांदी यांच्यासाठी आयके१० उत्तम आहे आणि ती घ्याच. पण पेटी मिळवून देते तो फक्त वेळ. त्या वेळात कोणाला तरी कळणार असेल, तरच त्या वेळाला किंमत आहे.

खटका

नेमके हेच लिहायला मी आलो होतो. ज्या पेटीला ‘मी उघडली गेले’ असे सांगता येत नाही, ती कितीही मजबूत असली तरी रात्रभराच्या निवांतपणापुढे टिकत नाही. झाकणाखाली एक मायक्रोस्विच आणि पेटीच्या पाठीत खांबाला टेकलेला दुसरा, असे दोन खटके ठेवा. झाकण उघडले की पहिला सुटतो, पेटी उपटली की दुसरा. मोडेमला उठून जाळे शोधायला आणि संदेश पाठवायला काही सेकंद लागतात, म्हणून बॅटरीची वायर कापली तरी तेवढी सेकंदे पुरेल असा सुपरकपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) पीसीबीवर असू द्या. नाहीतर सूचना तयार होते आणि आतच मरते.

दारावर वापरतात तसा रीड स्विच (चुंबक जवळ असला की मिटणारा) आणि लोहचुंबक वापरू नका. बाहेरून एक जोरदार निओडिमियम चुंबक टेकवला की झाकण उघडले तरी स्विच मिटलेलाच राहतो. वापरायचाच असेल तर सोबत चुंबकक्षेत्र ओळखणारा हॉल सेन्सर ठेवून परक्या चुंबकाचीही नोंद घ्या. वीजमीटरमध्ये बाहेरून लावलेला चुंबक ओळखण्याची सोय याच कारणासाठी असते.

एक चूक जवळून सांगतो, कारण ती मी स्वतः केली आणि तिचे कारण शोधण्यात दोन महिने गेले. खटका झाकणाने दाबलेला, म्हणजे नेहमी मिटलेला. तो वाचणाऱ्या चिपच्या पिनला ३ व्होल्टवरून १० किलोओहमचा पुल-अप, म्हणजे पिन ३ व्होल्टकडे ओढणारा रोध; खटका मिटलेला असताना त्यातून प्रवाह वाहतच राहतो. मुख्य वीज गेली तरी राखण राहावी म्हणून हा भाग सीआर२०३२ बटण सेलवर. आता गणित करा: ३ व्होल्ट भागिले १० किलोओहम म्हणजे ०.३ मिलिअँपिअर, तोही चोवीस तास. सेलची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास. म्हणजे सेल ७३० तासांत, महिन्याभरातच रिकामा. प्रयोगशाळेत एक आठवडा सगळे उत्तम चालले आणि प्रत्यक्ष जागेवर महिन्याने प्रत्येक उपकरण आंधळे झाले.

रोध १ मेगाओहम केला तर प्रवाह ३ मायक्रोअँपिअर होतो आणि हिशेबाने सेल आठ वर्षे पुरतो. पण मग दुसरी अडचण येते. पेटीत दव धरले आणि खटक्याच्या दोन टोकांमधील ओलाव्याची गळती त्याच तोडीची झाली, की खटका उघडला तरी पिनवरचा विद्युतदाब पुरेसा चढत नाही आणि फेरफार नोंदलाच जात नाही. म्हणून त्या भागावर संरक्षक लेप द्या. त्याहून चांगले म्हणजे एकसारखा प्रवाह न सोडता ठरावीक अंतराने क्षणभर पिन तपासण्याची सोय असलेला मायक्रोकंट्रोलर निवडा.

रानवाट

खटका यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. मी वाऱ्यावादळात उभ्या असलेल्या हवामान केंद्रांवर काम केले आहे, त्यामुळे अ‍ॅक्सेलरोमीटरबद्दल सांगतो. हालचाल आणि कल मोजणारे, धक्का बसताच जागे होणारे हे चिप काही मायक्रोअँपिअरवर चालतात, त्यामुळे ते लावण्याचा मोह होतो. आम्ही लावले. पहिल्याच आठवड्यात एका केंद्राने रोज दुपारी साधारण एकाच सुमारास चोरीची सूचना द्यायला सुरुवात केली. ऊन चढले की पॅनेलखालचा पत्रा प्रसरण पावून ‘टक’ असा उडत होता आणि तो झटका उंबरठ्याच्या वर जात होता. पाचव्या खोट्या सूचनेनंतर सूचना पाहणाऱ्या सहकाऱ्याने त्या केंद्राच्या सूचना बंद करून ठेवल्या. त्याला दोष देता येत नाही. खोट्या सूचना देणारी यंत्रणा माणसाला दुर्लक्ष करायला शिकवते.

यावर उपाय म्हणून आम्ही झटका मोजणे सोडले आणि कल मोजू लागलो. उपकरण बसवल्यावर गुरुत्वाकर्षणाची दिशा नोंदवून ठेवायची आणि पुढे मिनिटभराची सरासरी दिशा त्या नोंदीपासून पाच अंशांहून अधिक ढळली तरच सूचना द्यायची. वारा कितीही आला तरी सरासरी ढळत नाही, पण पेटी काढली की ढळते. मोजमाप, तुमच्या तिसऱ्या घटनेसाठीही हा उपाय सेन्सरच्या दांड्यावर उपयोगी पडावा.

तळटीप

रानवाट, येथे एक दुरुस्ती सुचवतो. मोजमाप यांच्या घटनेत दांडा खांबाभोवती फिरवला गेला, म्हणजे उभ्या अक्षाभोवती. त्या फिरण्यात गुरुत्वाकर्षणाची दिशा उपकरणाच्या दृष्टीने बदलतच नाही, त्यामुळे अ‍ॅक्सेलरोमीटरला काही कळणार नाही. त्यासाठी होकायंत्राप्रमाणे दिशा सांगणारा मॅग्नेटोमीटर लागेल, आणि जवळून जाणाऱ्या वाहनांच्या लोखंडाने तो डळमळू नये म्हणून त्याचीही दीर्घ सरासरी घ्यावी लागेल.

रानवाट

बरोबर आहे, हा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला होता. आभार. मग सेन्सर वाढवण्यापेक्षा खांबाला आरपार भोक पाडून क्लॅम्पमधून एक पिन घालावी, म्हणजे दांडा फिरणारच नाही. ज्या हालचालीची गरज नाही ती रचनेतूनच काढून टाकलेली बरी.

मोजमाप

ही पिन उद्याच आराखड्यात घेतो. आणि आता मागे वळून पाहिल्यावर लक्षात येते की इशारा आकड्यांतच होता. त्या तीन आठवड्यांत पातळी एका सेंटिमीटरनेही हलली नव्हती. वाहते पाणी इतके स्थिर राहत नाही. सर्व्हरवर एवढी एक तपासणी असती तर दुसऱ्याच दिवशी कळले असते.

साखळीदुवा

सगळी चर्चा पेटीभोवती फिरते आहे, म्हणून आतल्या किमती गोष्टीकडे लक्ष वेधतो, ती म्हणजे सिम कार्ड. जोहान्सबर्गमध्ये वाहतूक दिव्यांत मोबाइल मोडेम बसवले होते, आणि २०११च्या सुरुवातीला बातम्या आल्या की जवळपास ४०० दिव्यांची मोडतोड करून त्यांतील सिम कार्डे पळवली गेली, कारण त्यांवरून फुकट फोन करता येत होते. दिव्यांच्या मोडतोडीचा खर्च फोनच्या बिलाखेरीज वेगळाच. सिमवर आवाजी कॉल बंद ठेवा, ते त्याच मोडेमच्या आयएमईआय या ओळख क्रमांकाशी बांधून घ्या, फक्त तुमच्याच सर्व्हरशी बोलू शकेल असा खासगी एपीएन (मोबाइल जाळ्यातील प्रवेशद्वार) मागा, आणि शक्य असेल तर खाचेत घालायचे कार्ड सोडून पीसीबीवर झाळलेले सिम वापरा.

चोरीच्या वस्तूचा उपयोग संपवला की चोरी कमी होते, याचे ठळक उदाहरण मोबाइल फोनचे आहे. ॲपलने २०१३ मध्ये आयओएस ७ सोबत मूळ मालकाच्या संमतीशिवाय फोन पुन्हा सुरूच होणार नाही असे कुलूप आणले, आणि कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये कायदा करून १ जुलै २०१५ नंतर बनलेल्या फोनवर अशी सोय सक्तीची केली. त्यानंतर सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क, लंडन येथील अधिकाऱ्यांनी फोनचोऱ्या घटल्याचे सांगितले. कारमधील स्टिरिओला सांकेतिक क्रमांक मागण्यामागेही हाच विचार होता. फक्त एक अट आहे: हे चोराला चोरी करण्याआधी कळले पाहिजे. म्हणून पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहा की हे उपकरण दुसरीकडे चालत नाही आणि आत विकण्याजोगी बॅटरी नाही. अर्थात ते खरे असले पाहिजे.

आणखी एक. प्रत्येक उपकरणाची सांकेतिक किल्ली (माहिती गुप्त ठेवणारा संकेत) वेगळी ठेवा. सर्वांत एकच किल्ली असेल तर एक उपकरण चोरीला गेले म्हणजे सगळी गेली. पीसीबीवरचे यूएआरटी आणि जेटॅग पोर्ट (चिपशी थेट जोडण्याच्या जागा) बंद करा. त्यांवरच्या खुणा नुसत्या पुसल्याने काही होत नाही. यंत्रणेची रचना शत्रूला माहीत आहे असे धरून चाला आणि गुपित फक्त किल्लीत ठेवा, हे सांकेतिक लिपीचे अभ्यासक ऑगस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच सांगून ठेवले आहे.

कुलूपकिल्ली

मग झाकण उघडताच किल्ली पुसून टाकावी का? पैसे घेणारी कार्ड यंत्रे तसे करतात असे वाचले आहे.

साखळीदुवा

कार्ड यंत्रात आतील गुपिताची किंमत यंत्राहून कितीतरी अधिक असते, म्हणून तिथे ते योग्य आहे. त्यांच्या पीसीबीभोवती बारीक तारांची जाळी असते. ती तुटली की बटण सेलवर जिवंत ठेवलेली स्मृती पुसली जाते. तरीही २००८ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की अशाच एका यंत्रात मागच्या बाजूच्या, ग्राहकाला सहज उघडता येणाऱ्या कप्प्यातून एक बारीक तार आत घालून, जाळीला न दुखवता, कार्ड आणि प्रोसेसर यांच्यामधील संभाषण ऐकता येते. जाळी होती, पण ऐकण्याजोगी तार जाळीच्या बाहेर राहिली होती.

पाण्याच्या पातळीच्या उपकरणात मात्र मी आपोआप पुसणे ठेवणार नाही. उद्या कोणी सूड म्हणून वीस झाकणे उघडली तर वीस उपकरणे बंद पडतील, आणि पावसाळ्यात ती बंद असणे कोणाला परवडणारे नाही. सूचना सर्व्हरवर येऊ द्या, सर्व्हरने त्या उपकरणाची माहिती ‘संशयित’ म्हणून बाजूला ठेवावी, आणि किल्ली रद्द करायची की नाही हे माणसाने ठरवावे.

खटका

पूर्ण अनुमोदन. दुरुस्तीला जाणाऱ्या माणसाचाही विचार त्यात आहे. त्याने जाण्याआधी सर्व्हरवर ‘देखभाल’ अशी नोंद करावी, म्हणजे त्याच्या भेटीची सूचना खोटी ठरणार नाही.

मंडलमित्र

आतापर्यंत फक्त वाचत होतो. पीसीबी पूर्णपणे इपॉक्सीत (वाळून दगडासारख्या कडक होणाऱ्या राळेत) बुडवून टाकावा, असे कोणी कसे सुचवले नाही?

जुनाजोडारी

मंडलमित्र, ते मी मुद्दामच टाळले. बॅटरी चोरणाऱ्याला इपॉक्सीने फरक पडत नाही, आणि चिप वाचायला बसलेला तज्ज्ञ ते आम्लाने विरघळवतो. मधल्या मध्ये नुकसान होते ते दुरुस्ती करणाऱ्याचे: दहा पैशांच्या भागासाठी अख्खा पीसीबी कचऱ्यात जातो. शिवाय कडक इपॉक्सी आणि सोल्डरचे जोड तापमानाबरोबर सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे ऊन-थंडीच्या फेऱ्यांत जोड तडकतात. ओलाव्यासाठी पातळ लेप द्या, आणि झाकायचाच असेल तर फक्त किल्ली असलेला कोपरा झाका.

तळटीप

क्रमांकाच्या सीलबद्दल कोणी लिहिलेले नाही. सील अडवत नाही, ते फक्त सांगते, आणि तेही कोणी पाहिले तर. चकाकी मिसळलेले नखपॉलिश स्क्रूच्या डोक्यावर लावून त्याचा जवळून फोटो काढून ठेवण्याची युक्ती मला पुष्कळ भावली, कारण त्या कणांची रचना पुन्हा हुबेहूब करणे जवळजवळ अशक्य असते. पुढच्या भेटीत दोन फोटो शेजारी ठेवून पाहायचे. पण उन्हात त्याचा रंग उडतो, म्हणून वर्षाला नवा थेंब आणि नवा फोटो.

रानवाट

मोजमाप, मूळ प्रश्नाकडे परत येतो. तिसऱ्या घटनेतील माणूस कोण असावा, याचा विचार तुम्ही केला आहे का? आमच्या एका केंद्राची केबल तीनदा कापली गेली. चौथ्या वेळी आम्ही शेजारच्या वस्तीत जाऊन बसलो, तेव्हा कळले की त्या पेटीत कॅमेरा आहे आणि तो आपल्यावर पाळत ठेवतो, अशी तिथे समजूत होती. आम्ही पेटी त्यांच्यासमोर उघडली, एकेक भाग दाखवला, आणि पेटीवर ‘येथे पाऊस आणि वारा मोजला जातो, कॅमेरा नाही’ असे लिहिले. त्यानंतर केबलला कोणी हात लावला नाही. अशी समजूत दूर करायला कोणताही सेन्सर उपयोगी पडला नसता.

मोजमाप

हे वाचून थोडा वेळ थांबलो, कारण आमच्या पेटीवर फक्त एक अनुक्रमांक आणि ‘हात लावू नये’ एवढेच लिहिले आहे.

सर्वांच्या सूचनांनंतर नवा आराखडा असा करतो आहे: लहान आणि वेगळ्या आकाराचा बॅटरी संच, क्लॅम्पला शिअर नट आणि आरपार पिन, आतून बोल्ट केलेली आयके१० पेटी, झाकण आणि पाठ यांवर दोन खटके, सुपरकपॅसिटर, पीसीबीवर झाळलेले सिम, आणि सर्व्हरवर ‘आकडा फार काळ स्थिर आहे’ ही तपासणी. जाड पत्रा वगळला. पेटीवरचा मजकूर नव्याने लिहितो, आणि तिसऱ्या जागी पेटी पुन्हा बसवायला जाईन तेव्हा आधी काठावरच्या लोकांना भेटेन.

खटका

यादीत एक गोष्ट घाला. दर भेटीत झाकण मुद्दाम उघडा आणि संदेश सर्व्हरवर खरोखर आला का ते तिथेच उभे राहून पाहा, बॅटरीची वायर काढूनही एकदा पाहा. माझे आंधळे खटके महिनाभर तसेच राहिले ते केवळ प्रत्येक वेळी आम्ही यंत्रणा बंद करून मगच झाकण उघडत होतो म्हणून.